पुरुषोत्तमची प्राथमिक फेरी: भरतला कधी जावं, कुठं बसावं आणि काय बघावं

ऑगस्टमध्ये पुण्यात नाटक बघायचं असेल तर पहिली पसंती पुरुषोत्तम करंडकाच्या प्राथमिक फेरीला द्या. अंतिम फेरीला नव्हे, प्राथमिकलाच. अंतिम फेरीची चर्चा होते, तिकिटांसाठी धावपळ होते, पेपरात फोटो येतात. पण नाटक या गोष्टीवर ज्याचं प्रेम आहे त्याला प्राथमिक फेरीत जे मिळतं ते वर्षभरात दुसरीकडे कुठं मिळत नाही.

महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था 1963 पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा भरवते. पुणे केंद्रावर 51 संघ उतरतात. एका सत्रात तीन एकांकिका होतात, संध्याकाळी 5 ते 8. रविवारी त्याशिवाय सकाळी 9 ते 12 असं आणखी एक सत्र. असे दोन-अडीच आठवडे सदाशिव पेठेतलं भरत नाट्य मंदिर पोरांच्या ताब्यात असतं. त्यातून नऊ संघ निवडले जातात आणि सप्टेंबरात शनिवारी संध्याकाळी, रविवारी सकाळी आणि रविवारी संध्याकाळी अशा तीन सत्रांत अंतिम फेरी होते. नेमकं वेळापत्रक दरवर्षी लॉट, म्हणजे संघांच्या क्रमाच्या चिठ्ठ्या, पडल्यावर ठरतं आणि पेपरात येतं, तेव्हा आधीच्या वर्षाच्या तारखा धरून बेत आखू नका.

या स्पर्धेचं वेगळेपण तिच्या बक्षिसांत आहे. इथं लेखन, दिग्दर्शन आणि अभिनय एवढंच तोललं जातं. नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत यांना बक्षीस नाही. सांघिक पहिल्याला पुरुषोत्तम करंडक, दुसऱ्याला हरी विनायक, तिसऱ्याला संजीव आणि प्रायोगिक एकांकिकेला जयराम हर्डीकर करंडक. या एका नियमामुळे रंगमंचावर काय दिसतं ते ठरतं. दोन लेव्हल (उंचवट्यासाठीचे लाकडी चौथरे), एक बाकडं, फार तर एक दाराची चौकट. मागे काळा पडदा. बाकी सगळं पोरांनी अंगानं आणि आवाजानं उभं करायचं. पैसेवालं कॉलेज आणि सायकल स्टँडमध्ये तालीम करणारं कॉलेज यांच्यातलं अंतर इथं खूप कमी होतं, आणि ही या स्पर्धेनं इतकी वर्षं सांभाळलेली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. ज्यांना नाच, गाणं, चित्र, वाद्यं असं सगळं एका सादरीकरणात हवं असेल त्यांच्यासाठी त्याच रंगमंचावर होणारा फिरोदिया करंडक आहे. दोन्हींची चव वेगळी आणि दोन्हींचे प्रेक्षकही बऱ्यापैकी वेगळे.

आता प्रत्यक्ष प्रयोगांबद्दल. पहिल्यांदा जाणाऱ्यानं एक धरून चालावं: सत्रातल्या तीन एकांकिकांपैकी एक चांगली, एक बरी आणि एक फसलेली, हा साधारण हिशोब आहे. तिन्ही चांगल्या निघाल्या तर ते सत्र लोक वर्षभर आठवतात. फसलेलीही मन लावून बघा, कारण फसण्याची कारणं ठरावीक आहेत आणि ती कळली की चांगल्या प्रयोगात किती मेहनत आहे ते नीट दिसतं.

सगळ्यात जास्त प्रयोग आवाजावर पडतात. तालमी होतात त्या कॉलेजच्या वर्गात, पार्किंगमध्ये नाही तर जिन्याखाली. तिथं भिंती जवळ, त्यामुळे आवाज घुमतो आणि नटाला वाटतं आपला आवाज दणदणीत आहे. भरलेल्या नाट्यगृहात माणसं, कपडे, खुर्च्या आवाज पिऊन टाकतात. शिवाय एकांकिकेत बहुतेकांना कॉलर माइक नसतो; रंगमंचावरच्या माइकनं जेवढं उचललं तेवढंच मागं पोचतं. मग पोरं दोनपैकी एक चूक करतात. एक तर पहिल्या मिनिटापासून ओरडतात, म्हणजे पुढे खरंच ओरडायची जागा आली की वर चढायला पायरीच उरत नाही. नाही तर वाक्याची सुरुवात जोरात आणि शेवट गिळलेला. मराठीत क्रियापद शेवटी येतं, ‘नाही’ही शेवटी येतं. ‘मी तिला सांगितलं नाही’ यातला शेवटचा शब्द घशात राहिला की बाराव्या रांगेतल्या माणसाला उलटाच अर्थ पोचतो आणि पुढची दहा मिनिटं तो गोष्ट जुळवत बसतो. चांगला दिग्दर्शक तालमीत स्वतः लांब जाऊन उभा राहतो आणि फक्त वाक्यांचे शेवट ऐकतो. प्रयोग बघताना तुम्हीही तेच ऐका. पाच मिनिटांत संघाची तयारी कळते.

दुसरी अडचण प्रकाशाची. बहुतेक संघांना खरे दिवे प्रयोगाच्या दिवशीच मिळतात, त्याआधी सगळं कागदावर. तालमीत टेपनं मार्किंग केलेलं असतं, पण टेपवर उभं राहणं वेगळं आणि दिव्यात उभं राहणं वेगळं. स्पॉट पडतो आणि नट अर्धा हात बाहेर, चेहरा निम्मा काळोखात. अनुभवी मुलगा बोलता बोलताच अंदाज घेतो, डोळ्यावर दिव्याची तिरीप आली की थांबतो. नवखा खाली खूण शोधतो आणि मग प्रेक्षकही त्याच्याबरोबर खाली बघतात. यावरून पुढे ब्लॅकआउट, म्हणजे प्रवेश बदलताना दिवे पूर्ण घालवणं. तासाभराच्या आतल्या एकांकिकेत आठ-दहा ब्लॅकआउट म्हणजे लेखकानं मालिका लिहिली आहे. प्रत्येक काळोखात दहा सेकंद जातात, त्यात लेव्हल सरकवल्याचा आवाज, कुणाची तरी ठेच, विंगेतली, म्हणजे रंगमंचाच्या कडेच्या आडोशातली, कुजबूज. आणि दर वेळी प्रेक्षकाला पुन्हा पहिल्यापासून आत आणावं लागतं. जे संघ प्रवेश बदलताना दिवे घालवत नाहीत, नटांनाच वस्तू हलवायला लावतात आणि त्या हालचालीलाही नाटकात जागा देतात, ते सहसा पुढे जातात.

संगीतात एकच सांगायचं: संवादाखाली सतत वाजणारा पियानो हा दिग्दर्शकाच्या भीतीचा पुरावा आहे. प्रसंगावर विश्वास असेल तर तिथं शांतता चालते.

म्हाताऱ्याची भूमिका हा खास बघण्याचा भाग. वीस वर्षांचा मुलगा साठीचा माणूस करतो तेव्हा केसांना पावडर, वाकलेली कंबर, थरथरता हात हे ठरलेलं. साठीची किती माणसं खरोखर थरथरतात? ज्याला कळलंय तो फक्त उठण्या-बसण्याची गती बदलतो. खुर्चीच्या दांड्यावर आधी हात, मग भार, मग उठणं, आणि उठल्यावर चालू लागण्याआधी क्षणभर थांबणं. एवढ्यावर अख्खा माणूस उभा राहतो. असा नट सापडला तर त्याचं नाव लिहून ठेवा.

बोलीचा मुद्दा जरा नाजूक आहे, पण सांगायला हवा. शहरातले काही संघ गावाकडचं नाटक करतात आणि सगळ्यांच्या तोंडी एकच ‘गावाकडची भाषा’ घालतात: एक शब्द वऱ्हाडी, एक सोलापुरी, हेल कोल्हापूरचा. त्या भागातला माणूस प्रेक्षागृहात असेल तर दुसऱ्या वाक्याला तो नाटकाबाहेर जातो. पुण्याबाहेरून येणारे संघ आपलीच बोली घेऊन उभे राहतात तेव्हा फरक लगेच कानाला लागतो. शिवीसुद्धा ओवीसारखी येते. या संघांची सत्रं चुकवू नका. त्यांच्यामागे टाळ्या वाजवायला बसभर मुलं आलेली नसतात, म्हणून नाट्यगृह थोडं थंड वाटतं, पण कसदार एकांकिका तिथं निघण्याची शक्यता चांगली असते.

लेखन हा मात्र सगळ्यात कच्चा भाग आहे आणि बरीच वर्षं आहे. कल्पना छान असतात. पहिली पंधरा मिनिटं दमदार जातात. मग शेवट येतो आणि लेखकाचा धीर सुटतो. कुणीतरी मरतं, किंवा मुख्य पात्र पुढे येऊन प्रेक्षकांना उद्देशून भाषण करतं, किंवा दोन शेवट एकापाठोपाठ येतात. पस्तिसाव्या मिनिटाला एकांकिका संपलेली असते आणि ती पंचेचाळिसाव्या मिनिटापर्यंत चालू राहते. 2022 च्या अंतिम फेरीत परीक्षकांनी एकाही संघाला पुरुषोत्तम करंडक दिला नाही, त्यावर मोठा वाद झाला. मुलांची मेहनत बघता तो निर्णय कठोर होता, आणि तरी तो घेण्याची मुभा परीक्षकांकडे असणं बरोबर आहे. करंडकाला वजन आहे ते त्यामुळेच. खरी गरज आहे ती संहिता जून महिन्यातच कुणीतरी परखडपणे वाचून तिचे दोष दाखवण्याची. ऑगस्टमध्ये दिवे लागल्यावर शेवट दुरुस्त होत नाही.

कॉलेजच्या आरोळ्यांबद्दल दोन मतं आहेत. ‘आवाज कुणाचा’ सुरू झालं की नाट्यगृहाची कौलं उडतील असं वाटतं, आणि ज्यांना हे माहीत नाही ते दचकतात. दोन एकांकिकांच्या मधे हा जल्लोष हवाच. तो नसेल तर ही स्पर्धा राहणार नाही. पण प्रयोग चालू असताना आपल्या कॉलेजच्या मुलानं साधं वाक्य टाकलं तरी हशा पिकवणं हे त्या मुलाचं नुकसान आहे. नट त्या हशासाठी थांबतो, दोन-तीन सेकंद वाढतात, पुढच्या वाक्याला तो आणखी थांबतो आणि प्रयोगाची लय सैल होत जाते. वेळही वाढतो. तीन तासांत तीन एकांकिका बसवायच्या असतात. लावालाव धरून एकीच्या वाट्याला जेमतेम तास येतो, आणि कलोपासकची वेळेची शिस्त कडक आहे. पाच म्हणजे पाच. तिसरी घंटा झाल्यावर अंधारात खुर्ची शोधत फिरणं हे नटांवर अन्याय करणारं आहे, म्हणून पावणेपाचला जागेवर असा.

जागा निवडताना खालच्या मजल्यावर मधल्या रांगा घ्या, साधारण सहाव्यापासून दहाव्यापर्यंत, मधल्या पट्ट्यात. पहिल्या दोन-तीन रांगांत रंगमंचाच्या उंचीमुळे जमिनीवर बसलेली-झोपलेली पात्रं अर्धीच दिसतात, आणि एकांकिकांत जमिनीवर बसणं भरपूर. अगदी कडेच्या खुर्च्यांवरून विरुद्ध बाजूच्या विंगेत उभी असलेली बॅकस्टेजची मुलं दिसतात, समोरचं नाटक मात्र एका कोपऱ्यात जातं. बाल्कनीतून चेहरे हरवतात, पण वीस-पंचवीस मुलांचं समूहनाट्य असेल तर कंपोझिशन, म्हणजे रंगमंचावरची माणसांची मांडणी, वरूनच खरं कळतं. शक्य असेल तर मध्यंतरात जागा बदलून एक एकांकिका वरून बघा. गर्दीच्या दृश्यात मागच्या रांगेतलं पोरगं काम करतंय की नुसतं उभं आहे, हे तिथून लपत नाही.

भरत नाट्य मंदिराची वास्तूही या मुलांना शोभणारी आहे. या संस्थेची सुरुवातच 1894 मध्ये ‘स्टुडंट्स सोशल क्लब’ या नावानं झाली. विद्यार्थ्यांच्या मंडळातून उभ्या राहिलेल्या संस्थेच्या रंगमंचावर आज विद्यार्थ्यांची स्पर्धा होते, ही गोष्ट तिथं पाय ठेवणाऱ्या प्रत्येक संघाला माहीत असायला हवी. रंगमंच आणि पहिली रांग यांच्यात फार अंतर नाही, त्यामुळे संयत अभिनय पोचतो. मोठ्या, नव्या सभागृहांत हाच प्रयोग हरवून जाईल.

येण्या-जाण्याचं: गाडी आणू नका. पेठेतले रस्ते अरुंद, बरेच एकेरी, आणि त्या दिवसांत जवळच्या गल्ल्या मुलांच्या दुचाकींनी भरलेल्या असतात. टिळक रस्त्यापर्यंत बसनं येऊन आत चालणं सोपं. मेट्रोनं मंडई स्थानकावर उतरलात तर पेरूगेटच्या दिशेनं पंधरा-वीस मिनिटं चालणं आहे. ज्या वर्षी गणपती ऑगस्टअखेर येतात त्या वर्षी मांडवांमुळे आणखी वीस मिनिटं हाताशी ठेवा. पावसाळी कपडे ओले घेऊन आत बसावं लागतं, तेव्हा एक कोरडी पिशवी जवळ असू द्या. छत्री खुर्चीखाली आडवी ठेवा, टेकवून ठेवलेली छत्री नेमकी शांत प्रसंगात पडते.

रविवारची दोन्ही सत्रं करणार असाल तर बाराला सुटल्यावर पेरूगेटजवळ पूना बोर्डिंग हाऊसमध्ये जेवण होतं. रात्री मात्र घरचा डबा बरा, कारण रविवारी रात्री पेठेतल्या बऱ्याच खानावळी बंद असतात.

लहान मुलांना नेण्याआधी विचार करा. एकांकिकांत शिव्या, मारझोड, मृत्यू हे सर्रास असतं आणि कोणत्या सत्रात काय येईल ते नावावरून कळत नाही. दहावी-बारावीच्या मुलांना मात्र जरूर न्या, आणि सकाळचं सत्र निवडा. सकाळी आरोळ्या कमी, प्रेक्षक ताजे, आणि नऊच्या प्रयोगासाठी पहाटेच कॉलेजच्या दारात सामान बांधून उभ्या असलेल्या संघाची जिद्द पहिल्या प्रवेशातच दिसते. अशा वेळी शेवटी टाळ्या हात राखून वाजवू नका.