रोबोटिक्सचा किट, स्क्रॅच की दोरा-वॉशर? तिसरी-चौथीच्या वर्गासाठी

शाळेकडे थोडा निधी आलाय आणि किट विकणाऱ्यांचे फोन सुरू झालेत, अशा वेळी किट घ्यावा, स्क्रॅच (संगणकाच्या पडद्यावर ठोकळे जोडून सूचना द्यायची भाषा) शिकवावं, की दोऱ्याला वॉशर (धातूच्या चकत्या) बांधून प्रयोग करावेत? ठरवायला माझी कसोटी एकच: मूल स्वतः अंदाज बांधतं का, आणि तो फसला तर कारण शोधतं का?

रोबोटिक्सचा किट देखणा असतो. मुलं हरखतात, स्नेहसंमेलनात पालकही खूश. पण पुस्तिकेतली चित्रं बघत गाडी जोडली की काम संपतं. त्यातही एका किटभोवती पाच-सहा मुलं; जोडणारं एक, बाकीची स्क्रू हातात द्यायला. ४० दात्यांच्या गिअरने ८ दात्यांचा गिअर फिरवला तर किती फेरे होतील, हे आधी वदवून घेतलं तर किट वसूल होतो. (शाळांमधल्या सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे रोबोटिक्ससारखं काही करून बघायच्या प्रयोगशाळा, यासुद्धा सहावीपासून पुढेच आहेत.)

आता दोरा-वॉशर. दोऱ्याच्या टोकाला वॉशर बांधून टांगला की झाला लंबक. २५ सेंटिमीटर दोऱ्याच्या लंबकाला दहा झोक्यांना (जाऊन परत आला की एक झोका) साधारण १० सेकंद लागतात. ‘वॉशर वाढवले तर?’ बहुतेक मुलं म्हणतात, जड झालं, जोरात जाईल. मोजावं तर वेळ तेवढाच! मग ‘तू ढकललंस’, ‘तू उशिरा मोजलंस’ अशी भांडणं. होऊ द्यावीत. एखादा गट वॉशर एकाखाली एक बांधतो, त्याचे झोके सावकाश होतात आणि तो ‘वजनामुळेच’ म्हणून अडून बसतो. खरं तर तिथे लंबकाची लांबी वाढलेली असते. सगळे वॉशर तारेच्या एकाच हुकात अडकवले की फरक जातो. हे कुणीतरी पकडेपर्यंत गप्प बसणं शिक्षकांना फार जड जातं. पुढे दोरा चौपट, म्हणजे १ मीटर केला की मुलं ४० सेकंद सांगतात, भरतात २०च.

असे आणखी प्रयोग हवे असतील तर अरविंद गुप्तांची टाकाऊतून केलेली विज्ञान-खेळणी पाहा. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत (मुलांच्या विज्ञान केंद्रात) त्यांनी अनेक वर्षं हेच काम केलं. इंटरनेटवर सगळं फुकट आहे.

स्क्रॅचही फुकटच. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने २००७ साली आणलेलं, आठ वर्षांपुढच्या मुलांसाठी. सूचना चुकून पडद्यावरची मांजर भलतीकडे गेली की चूक लगेच दिसते, मूलच दुरुस्त करतं. संगणक चालू अवस्थेत असतील तर जरूर घ्या.

माझं मत दोरा-वॉशरला. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या हाती साहित्य पडतं ते इथेच. पैसे उरले तर एखादा किट घ्या, पण पुस्तिका कपाटात ठेवून.