दादरचे समुपदेशन केंद्र : एका आईचा अनुभव
वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचे विद्रूप केलेले छायाचित्र फिरल्यापासून नववीतली माझी लेक फोन पालथा ठेवून रात्ररात्र जागायची, म्हणून आम्ही दादरच्या एका समुपदेशन केंद्रात गेलो. पहिल्या भेटीत समुपदेशक बाईंनी तिला काहीच न विचारता चित्र काढू दिले, आणि वर्गातला छळ निदान घरी आल्यावर थांबतो, हा फोनवरचा छळ मात्र अंथरुणापर्यंत येतो, हे आम्हाला समजावले. छायाचित्र पसरवणाऱ्या मुलालाही त्यांनी पालकांसह बोलावले. आपणही पूर्वी असेच छळले गेलो, हे त्याने रडत सांगितले, तेव्हा माझा राग ओसरला नाही, पण मी त्याच्याकडे प्रथमच नीट पाहिले. भेटीसाठी तीन आठवडे थांबावे लागते, हे फार खटकते. तोवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो. गेल्या रविवारी तिने फोन सुलटा ठेवला.