४८०० ची डिजिटल केबल, आठ महिन्यांनंतर

आधीच सांगतो, चिडून लिहितोय. दिवाळीच्या बोनसमधून घेतली होती, सीडी प्लेयर ते डॅक (डिजिटल सिग्नलचं अॅनालॉग करणारा डबा), कोअॅक्सियल, म्हणजे तांब्याच्या तारेची. दुकानदार म्हणाला जिटर (सिग्नलच्या वेळेत होणारं मागेपुढे) कमी होतो, आवाज 'खुलतो'. पहिल्या रविवारी यमनची जुनी सीडी लावली तर तानपुरा अगदी शेजारी वाजतोय असं वाटलं, मी खूश, बायकोला ओढून आणून ऐकवलं, ती म्हणाली "हं".

जुलैत मधेच खट् खट्, मग दोन सेकंद शांतता. दुकानात फोन केला तर म्हणे सर, केबल अजून बर्न-इन झाली (वापरून मुरली) नसेल. आठ महिने झाले हो! डिजिटल सिग्नल तुटला की खटकतो नाहीतर गप्प होतो, बर्न-इनचा काय संबंध?

खरा गुन्हेगार तो प्लग. एवढा जड, वर पिळून घट्ट करायची कॉलर, शेल्फमागे लोंबकळून लोंबकळून त्याने डॅकचं सॉकेटच हलवलं. ४८०० रुपये घेता आणि प्लग नळाच्या तोटीसारखा? लॅमिंग्टन रोडला डाग मारून घेतला, ३५० गेले वर.

तोवर तात्पुरती जुन्या डीव्हीडी प्लेयरची पिवळी व्हिडिओ वायर लावली (तीही ७५ ओहमचीच, कोअॅक्सियल डिजिटलला लागते तशी). मुलाला पाठीमागून वायरी बदलायला लावल्या, २० पैकी ११ वेळा बरोबर ओळखलं. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच.

जिटर थोतांड आहे असं मात्र म्हणणार नाही, मधे मी तेच म्हणत सुटलो होतो. कोअॅक्सियलमध्ये क्लॉक (वेळेचा ठेका) डेटाबरोबरच येतो, डॅकला तो त्यातून काढावा लागतो, तिथे मागेपुढे होतंच, पण बरंचसं डॅकच गाळतो. असिंक्रोनस यूएसबीत तर डॅकचाच क्लॉक चालतो.

आणि गंमत, फरक पडला तो २५० च्या ऑप्टिकल केबलने (ती सिग्नल प्रकाशातून नेते)! आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये सेट-टॉप बॉक्स लावला की स्पीकरमध्ये गुणगुण यायची, ती सीडीच्या वेळी गेली, कारण प्रकाशातून अर्थिंग जोडलं जात नाही. मोजलं तर ऑप्टिकलचा जिटर बहुतेक वेळा कोअॅक्सियलपेक्षा जास्तच निघतो म्हणे, निघू दे, माझ्या कानाला गुणगुण ऐकू यायची, जिटर नाही.

केबल १५०० ला काढतोय, दादर स्टेशनला हातात देईन. प्लगचं आधीच सांगून देणार. मखमली पाउच मिळणार नाही, त्यात आईची जपमाळ आहे.