काटा घ्या, पण ‘मिली’चं बटण विसरा

नागपूरच्या इतवारी बाजारातून साडेतीनशेला आणलेल्या डिजिटल काट्याबद्दल लिहितेय. ५ किलोपर्यंत तोलतो, १ ग्रॅमपासून आकडा दाखवतो, दोन पेन्सिल सेलवर चालतो. हाच काटा बाजारात दहा नावांनी मिळतो, म्हणून कंपनीचं नाव सोडा.

मी घरून नानकटाई अन् बेसनाच्या लाडवांच्या ऑर्डरी घेते. नानकटाईच्या पाककृती सगळ्या कपात. अन् कप कोणाचा? अमेरिकेचा साधारण २४० मिलीचा, ऑस्ट्रेलियाचा २५०, जपानचा २००. बरं, कप एकच धरला तरी मैदा ऐकत नाही. चाळून चमच्याने अलगद भरला तर १२० ग्रॅम, अन् डब्यात कप खुपसून काढला तर सहज १५०. साखर मात्र २०० च्या आसपास राहते, तिला दाबून बसवायला जागाच नसते.

तुपाची तर नागपुरात वेगळीच गंमत. मे महिन्यात बरणीतलं तूप पाण्यासारखं वाहतं, कप काठोकाठ भरतो. डिसेंबरात तेच तूप गोळ्यागोळ्यांनी कपात बसतं अन् मधे पोकळ्या राहतात. काट्यावर ११० ग्रॅम म्हणजे बाराही महिने ११० ग्रॅम. पातळ तुपाचा अर्धा कप तेवढाच भरतो. परात ठेवायची, ‘टेअर’ दाबून शून्य करायचं, तूप घ्यायचं, पुन्हा शून्य, पिठीसाखर, पुन्हा शून्य, मैदा. घासायला वाट्या पडत नाहीत, हे सगळ्यात आवडलं.

काटा खरा आहे का, हे बघायला दहा रुपयांची दहा नाणी ठेवली. ७७ ग्रॅम यायला हवेत, तेवढेच आले.

आता ‘मिली’चं बटण. एक लिटर तेलाचं पाकीट भांड्यात रिकामं केलं, तर काटा म्हणतो ९१० मिली! पाकिटावर ‘१ लिटर, ९१० ग्रॅम’ असं छापलेलंच असतं. म्हणजे काटा ग्रॅमच मोजतो अन् पुढे नुसतं ‘मिली’ लिहितो, सगळं पाणीच आहे असं समजून. मधाचं तर विचारूच नका. २४० मिली मध सुमारे ३४० ग्रॅम भरतो, काटा त्याला ३४० मिली म्हणणार. दुकानदाराला हे सांगितलं तर म्हणाला, “ताई, तेल काय अन् पाणी काय, दोन्ही पातळच नं!” आता यावर काय बोलणार.

दोन तक्रारी आणखी. थोडा वेळ हात लावला नाही की आपोआप बंद पडतो, अन् मधलं शून्य पुसलं जातं. तूप फेटत बसलात तर हमखास. दुसरं, चिमूट चिमूट सोडा टाकत गेलं तर आकडा हलतच नाही. सोडा, वेलचीपूड, मीठ चमच्यानेच घ्या. ५ मिलीचा छोटा चमचा त्यासाठी पुरे.

पाचपैकी चार तारे. फक्त घरून धंदा करणाऱ्यांनी एक बघावं: यावर वैधमापन विभागाचा, म्हणजे वजनं-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, शिक्का नसतो, त्यामुळे गिऱ्हाइकाला तोलून विकायला हा चालत नाही. माझे लाडू नगावर जातात, म्हणून माझं भागतं.