घरच्या घरी दाट कॉफी देणारा मोका पॉट
एस्प्रेसो यंत्राचा खर्च टाळून घरी दाट, कडक कॉफी हवी असेल, तर १९३३ मध्ये इटलीत जन्मलेला मोका पॉट, म्हणजे शेगडीवर ठेवून वाफेच्या दाबाने खालचे पाणी कॉफीच्या पुडीतून वर चढवणारे भांडे, मी निःसंकोच सुचवेन. एस्प्रेसोसाठी लागणाऱ्या सुमारे ९ बार दाबाच्या तुलनेत याचा दाब फारच कमी असल्याने वर जाड फेस येत नाही. चव मात्र भरदार उतरते. पाणी खालच्या भागातल्या, जादा वाफ सोडणाऱ्या झडपेच्या खालीच ठेवावे, पूड दाबून भरू नये, आच मंद असावी आणि गडद धार फिकट होऊन खळखळ सुरू होताच भांडे उतरवावे, कारण त्यानंतरची कॉफी कडवट लागते. अॅल्युमिनियमचा साधा पॉट इंडक्शन शेगडीवर चालत नाही, ही खरी अडचण आहे. तिथे इंडक्शनवर चालणारा स्टीलचा घ्यावा. जेवणानंतर गोड पदार्थासोबत ही कॉफी विशेष खुलते.