टेनर स्टीलपॅन आणि घरगुती हिप-हॉप: एक उन्हाळा, एक हिवाळा वापरून

आधी निकाल सांगतो. समुद्रकिनारा, नारळाची झाडं, हातात शहाळं असं वातावरण दोन मिनिटांत हवं असेल तर खरा स्टीलपॅन घेऊ नका. (स्टीलपॅन, थोडक्यात पॅन: तेलाच्या पिंपाच्या पत्र्यातून घडवलेलं, काठ्यांनी वाजवायचं त्रिनिदादचं वाद्य.) एखाद्या बऱ्या सॅम्पल लायब्ररीत, म्हणजे संगणकावरच्या तयार रेकॉर्ड केलेल्या स्वरांच्या संग्रहात, ते काम स्वस्तात होतं. मला हवं होतं ते वेगळं. एम. एफ. डूम किंवा ‘ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’ या हिप-हॉप कलाकारांच्या वळणाचे, जरा काळपट, मुद्दाम ढिले ठेवलेले बीट्स (रॅपखालचं संगीत) मी घरी करतो, आणि त्यात पॅन मुख्य धून म्हणून उभा राहतो का हे बघायचं होतं. राहतो. पण लाड पुरवावे लागतात.

हे मिश्रण ओढूनताणून जमवल्यासारखं वाटेल, पण दोन्हीकडची माणसं आधीपासून एकाच गोतावळ्यातली आहेत. डीजे कूल हर्क जमैकातल्या किंग्स्टनमध्ये जन्मलेला. ११ ऑगस्ट १९७३ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या ज्या पार्टीत त्याने रेकॉर्ड लावल्या, तिथून हिप-हॉपचा वाढदिवस मोजतात. एम. एफ. डूमची आई त्रिनिदादची. ट्राइब कॉल्ड क्वेस्टमधल्या फाइफ डॉगच्या घराण्याचं मूळही तिथलंच. आणि संयुक्त राष्ट्रांनी २०२३ मध्ये जागतिक स्टीलपॅन दिन ठरवला तोही नेमका ११ ऑगस्टच!

माझा पॅन सी टेनर, म्हणजे धून वाजवणारा उंच पट्टीचा, २९ स्वरांचा, क्रोम केलेला. वापरलेला घेतला, नव्याच्या साधारण निम्म्या किमतीत. टोरोंटोत राहण्याचा हा फायदा: १९६७ पासून इथे कॅरिबियन कार्निव्हल भरतो, त्यामुळे पॅनयार्ड (स्टीलबँडच्या सरावाच्या जागा) आहेत, शिकवणारे आहेत आणि मुख्य म्हणजे ट्यून करणारे आहेत. हा शेवटचा मुद्दा पुण्या-मुंबईतून मागवू पाहणाऱ्यांनी आधी लक्षात घ्यावा. पॅन घरी ट्यून होत नाही. त्याला खुंट्या नाहीत, हातोडी आहे. आणि ती हातोडी कुठे, किती जोरात मारायची हे कळायला आयुष्य जातं. विकणाऱ्याने ‘नुकताच ट्यून केलाय’ म्हणून दिला, तरी वरच्या सप्तकातले दोन स्वर सरळ बेसूर होते. ते नीट करून घेण्याचा खर्च वेगळा झाला.

रचना मात्र अशी आहे की शास्त्रीय संगीत थोडंफार ऐकलेल्या माणसाला घरच्यासारखं वाटावं. बाहेरच्या वर्तुळात बारा स्वर, आणि कोणताही स्वर घ्या, त्याच्या एका बाजूला त्याचा पंचम, दुसऱ्या बाजूला मध्यम. आत तेच स्वर वरच्या सप्तकात. ही मांडणी अँथनी विल्यम्स यांच्या नावाने ओळखली जाते. ती नुसती बोटांच्या, म्हणजे काठ्यांच्या, सोयीसाठी नाही. सगळे स्वर एकाच पत्र्यात आहेत. एकावर काठी पडली की शेजारचेही थोडे हलतात. शेजारी संवादी असतील तर ती थरथर गोड लागते, नाहीतर नुसता कल्ला.

लायब्ररी मार खाते ती इथेच. तिच्यात प्रत्येक स्वर सुटा रेकॉर्ड केलेला असतो, स्वच्छ आणि एकटा. एकेक स्वर सॅम्पलरच्या पॅडवर लावून वाजवलं की धून येते, पत्रा येत नाही. म्हणून आता मी स्वर रेकॉर्डच करत नाही. चार-आठ मात्रांचं अख्खं वाक्य वाजवतो, मग जुन्या रेकॉर्डवरून उचलल्यासारखे त्याचे तुकडे पाडतो. तुकड्याच्या शेपटाला आधीच्या स्वराची गुंज चिकटलेली असते. ती साफ करायचा मोह टाळायचा. बीटमधली जान तीच आहे.

लयीचं गणित जास्त मजेशीर आहे. वेगवान सोका (त्रिनिदादचं कार्निव्हलचं नाचाचं संगीत) १६० बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १६० ठोक्यांच्या, आसपास चालते, बूम-बॅप (जुन्या वळणाचं हिप-हॉप) ८५-९०ला. सोकाचं वाक्य उचलून ८०वर निम्म्या चालीत ठेवलं तर कागदावर तंतोतंत बसतं. कानाला बसत नाही. कारण कॅलिप्सो (सोकाचं मूळ गाणं) आणि सोकाची ३-३-२ची ठेच, म्हणजे आठ तुकड्यांचे तीन, तीन, दोन असे गट, सरळ असते, आणि आपल्याला आवडणारे ड्रम मागे रेंगाळणारे. दोन्ही सरळ ठेवले की कवायत होते. दोन्हींना एकच स्विंग (ठोक्यांमधलं अंतर कमी-जास्त करून आणलेली लचक) दिला की पॅन झिंगलेला वाटतो, आणि तो झिंगलेला पॅन अजिबात चांगला लागत नाही. बऱ्याच खटपटीनंतर मला जे पटलं ते असं: पॅन ग्रिडवर (सॉफ्टवेअरमधल्या मात्रांच्या रेघांवर) सरळ ठेवायचा, स्नेअर ड्रम किंचित उशिरा, हाय-हॅटच्या झांजांना जेमतेम स्विंग. म्हणजे धून घाईत आहे आणि ताल तिला थांब म्हणतोय, अशी ओढाताण तयार होते. रॅपर त्या फटीत शब्द टाकतो. पॅनवर मुळात लांब स्वर धरायला दोन्ही काठ्यांनी रोल करतात, म्हणजे भराभर ठोके देतात. हिप-हॉपसाठी रोल बंद. एकच ठोका द्यायचा आणि तो विरू द्यायचा.

आणि धून शक्यतो मायनर, म्हणजे उदास छटेच्या स्वरांत. मेजरमध्ये पहिला बीट केला तेव्हा बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, ‘आइस्क्रीमवाल्याची गाडी आली का?’ त्या बीटकडे नंतर गंभीरपणे बघता आलं नाही.

त्यात पॅनचा दोष नाही. रिसॉर्टच्या तलावाशेजारी वाजवून वाजवून लोकांनी त्याची ही ओळख करून ठेवली. पॅन मुळात त्रिनिदादची राजधानी पोर्ट ऑफ स्पेनच्या लावेंटिलसारख्या गरीब वस्त्यांतला. १८८०च्या दशकात ब्रिटिश सरकारने ढोलांवर निर्बंध आणले, म्हणून लोकांनी बांबू आपटले. मग बिस्किटांचे डबे, रंगाचे डबे आले आणि पुढे ५५ गॅलनची तेलाची पिंपं. सुरुवातीच्या बँडमध्ये रस्त्यावर मारामाऱ्या होत, पॅन वाजवणारा मुलगा म्हणजे वाया गेलेला असा समज होता. १९५१ मध्ये टास्पो हा त्रिनिदादचा स्टीलबँड संघ लंडनच्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनमध्ये वाजवून आला, त्यानंतर बरीचशी प्रतिष्ठा आली. काळपट बीटमध्ये पॅन ठेवला की तो परका वाटत नाही, तो यामुळेही असेल.

कान तयार करायला हॅम्बुर्गचा बकाओ रिदम अँड स्टील बँड ऐका. रॅपर फिफ्टी सेंटच्या २००३ मधल्या गाण्याचं त्यांनी केलेलं वाद्यरूप ‘अॅनाटॉमी ऑफ अ फॉल’ या २०२३च्या चित्रपटामुळे पुष्कळांच्या कानावर गेलंय. तिथे तेच चकचकीत पॅन किती त्रासदायक वाटू शकतात ते बघा. मला मात्र त्यांचं वादन जरा जास्तच नीटनेटकं वाटतं.

आता कटकटी. आवाज प्रचंड. बेसमेंटमध्ये राहूनही संध्याकाळी आठनंतर वाजवायची सोय नाही. रेकॉर्डिंगला माइक वरून लावला की काठीची टकटक जास्त येते. खालून, पिंपाच्या पोटाकडे तोंड करून लावला की आवाज गोल होतो आणि तीन किलोहर्ट्झच्या आसपासची टोचणीही कमी वाटते. मींड नाही, कधीच येणार नाही. पेटीवर वाढलेल्यांना चालेल, सतारीच्या माणसाला नाही. थंडी-उन्हाचा परिणाम होतो: तापला की स्वर उतरतात. गाडीत ठेवून हिंडायचं नाही. गॅरेजमधून आत आणला तर तासभर तसाच राहू द्या, मग वाजवा.

घ्यावा का? आधी एखाद्या पॅनयार्डमध्ये जाऊन थोडे दिवस हात मारून बघा, बहुतेक ठिकाणी नवख्यांना वाद्य वापरायला देतात. ट्यूनर गाडीने जाण्याच्या अंतरावर नसेल तर सरळ नको म्हणा. घेतलाच तर स्टँड आणि कडक केस त्याच दिवशी घ्या, आणि काठ्यांची रबरं जादा आणून ठेवा. ती झिजली की टकटक वाढते, आणि आपण उगाच माइकला दोष देत बसतो.