वनराई बंधारा की खोलीकरण?

गावाने ओढ्यासाठी वर्गणी जमवलीय. आता ती कशात घालायची, असं मित्राने विचारलं.

वनराई बंधारा म्हणजे ओढ्यात घातलेला तात्पुरता बांध; त्याला सिमेंटची रिकामी पोती, माती आणि श्रमदान पुरतं. खोलीकरणात, म्हणजे यंत्राने ओढ्याचं पात्र खोल करण्यात, बरीच वर्गणी पोकलेनच्या डिझेलमध्येच जाते. बंधारा मात्र पुढच्या पुरात वाहून जातो, दर पावसाळ्यानंतर नव्याने घालायचा. खोलीकरण जास्त टिकतं, पण वरच्या शेतांची बांधबंदिस्ती नसेल तर गाळ परत येतोच.

सगळे 'शिरपूर पॅटर्न'चा, म्हणजे धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला ओढे-नाले खोल-रुंद करून पाणी जिरवलं त्याचा, दाखला देतात. शिरपूरजवळ तापीखोऱ्यात गाळाचे जाड थर आहेत; आपल्याकडे बहुतेक ठिकाणी खाली काळा पाषाण. अशा पाषाणावरच्या पात्रातली वाळूच उपसली तर पाणी मुरणार कशात?

रब्बीला एखाद-दुसरं पाणी आणि गुरांची सोय हवी असेल, तर वनराई. पात्र खरोखरच गाळाने भरलं असेल, तर तेवढा गाळच काढा, तोही भूजलाच्या जाणकाराला दाखवून.